पाव मिलिमीटर

शनिवारी सकाळी टोस्ट चावताना माझा खालचा पुढचा दात हलला. दुखला नाही. टोस्ट जरा कडक भाजला गेला होता. मी तो दातात धरून तोडायला गेलो, तर टोस्ट तुटायच्या आधी दातच मागे झुकला आणि पुन्हा जागेवर आला. मी टोस्ट बशीत ठेवला. जिभेने दात ढकलून पाहिला. गेला. सोडला, परत आला. चहा पार निवेपर्यंत मी तेच करत बसलो. मग हात धुऊन आलो आणि अंगठा नि तर्जनीत धरून तो हलवला. आमच्या कॉलेजात हलणाऱ्या दाताचे तीन नंबर असतात. मिलिमीटरभराच्या आत हलला तर एक, त्याहून जास्त हलला तर दोन, आणि वरून दाबल्यावर खाली जायला लागला तर तीन. माझा एक होता, दोनाकडे झुकलेला. माझं वय एकोणसाठ. या वयात दात हलला म्हणून कोणी डोक्याला हात लावत नाही. पण मी दात सोडला आणि त्या दोन बोटांकडे बघत राहिलो. याच दोन बोटांनी मी एकदा आणखी एक दात हलवून पाहिला होता, याच टेबलाशी, आणि हात पुसता पुसता सांगून टाकलं होतं, की काही नाही.

बायकोला जाऊन चौदा महिने झाले. दुपारी तीनला लेक यायची होती, नातीला घेऊन. ती दर शनिवारी येते. बसने तास लागतो. येताना भाजी आणते, माझ्या शर्टांच्या कॉलरी बघते, फ्रिज उघडून नाक मुरडते. "बाबा, हे दूध कोणत्या सालातलं आहे?" साडेपाचच्या बसने दोघी जातात. त्या अडीच तासांवर माझा बाकीचा आठवडा निघतो. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. आमच्या घरात सांगायचं खातं बायकोकडे होतं.

शनिवारी कॉलेज अर्धा दिवस असतं. बसमध्ये मी दांडी धरून उभा होतो आणि जीभ सारखी त्या दाताकडे जात होती. नको म्हटलं की जास्त जायची. मी दातांच्या कॉलेजात आहे, पण डॉक्टर नाही. मी स्लाइडी करतो. एकतीस वर्षं तेच करतो आहे. जिन्यामागे एक खोली आहे, तिला एकच खिडकी. तिथे जबड्याचे तुकडे माझ्याकडे येतात. ते मी आम्लात ठेवतो, तीनचार आठवडे, तोपर्यंत हाड आणि दात रबरासारखे वाकायला लागतात. मग त्यातलं पाणी काढायचं, वितळलेल्या मेणात बुडवायचं, मेणाची वडी करायची. वडी यंत्रावर चढवली की पातं तिचे इतके पातळ काप काढतं, की मी काप उचलताना श्वास धरून ठेवतो. सोडला तर काप उडून जातो. कोमट पाण्यावर तो पसरतो, मग त्याखाली काच घालून उचलायचा आणि रंगवायचा. मुलं मला मेणकाका म्हणतात. कपड्यांना मेणाचा वास असतो, धुतले तरी जात नाही. बायको म्हणायची, "तुमच्या डोक्याला वात लावली की दिव्याचा खर्च वाचेल." ती असं बोलून दुसऱ्या खोलीत निघून जायची. मला उत्तर सुचेपर्यंत तिचं पुढचं काम सुरू झालेलं असायचं.

त्या दिवशी पहिल्या वर्षाच्या मुलांना दात धरून ठेवणाऱ्या भागांच्या स्लाइडी द्यायच्या होत्या. बाई, म्हणजे आमच्या विभागाच्या मुख्य, आत शिकवतात आणि मी पेट्या वाटत फिरतो. मुलं बाईंना विचारायला घाबरतात, मला विचारतात. लोकांना वाटतं दात हाडात ठोकलेला असतो, भिंतीत खिळा ठोकावा तसा. तसं नसतं. दाताचं मूळ आणि हाड एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत. दोघांच्या मधे जागा असते, पाव मिलिमीटर, कुठे त्याहूनही कमी. त्या जागेत दोऱ्या असतात. पुस्तकात त्याला लिगामेंट म्हणतात, मी दोऱ्या म्हणतो. दोरीचं एक टोक मुळावरच्या पातळ थरात रुतलेलं असतं आणि दुसरं खोबणीच्या हाडात. बऱ्याचशा दोऱ्या तिरक्या असतात. आपण चावतो तेव्हा दात हाडावर आपटत नाही, या दोऱ्यांना ओढ बसते आणि त्या त्याला झेलतात. घासात केस आला तरी आपल्याला कळतं ते त्यांच्यामुळे. दाताला स्वतःला काही कळत नाही. वरून हिरडी गळपट्टीसारखी बसलेली असते, ती फक्त झाकायचं काम करते. बाकी सगळा भार त्या पाव मिलिमीटरावर.

वाढीच्या स्लाइडींची पेटी वेगळी आहे. त्यांच्यासाठी मेलेल्या जन्माला आलेल्या वासरांचे जबडे यायचे. त्यात दाताची कळी दिसते आणि कळीभोवती एक पिशवी. दातावरचा थर, दोऱ्या आणि खोबणीचं हाड, तिन्ही त्या एका पिशवीतून होतात. लेक सहा महिन्यांची असताना बायको तिला चमच्याने भरवत होती आणि चमचा टणकन वाजला. ती ओरडली, "अहो, वाजला!" मी पेपर टाकून पळत आलो. तिने पुन्हा चमचा वाजवला, पुन्हा वाजवला. लेक हसत होती. आम्ही दोघं खाली वाकून त्या पांढऱ्या टोकाकडे बघत होतो आणि मी तिला सांगत होतो, की आता खाली दोऱ्या सगळ्या विस्कटलेल्या असतील, त्यांना अजून दिशा नाही. वरचा दात येईल, दोघं एकमेकांना भिडतील, भार पडायला लागेल, मग त्या जाड होतील आणि नीट लागतील. बायको म्हणाली, "पोरीला दात आला, तुम्हाला दोऱ्याच दिसतात." मुलं विचारतात, मेणकाका, समोरचा दात पडला तर काय होतं? मी सांगतो. भार गेला की दोऱ्या बारीक होतात, जागा अरुंद होते आणि उरलेला दात समोरच्याला शोधत हळूहळू खोबणीतून वर येत राहतो. आणि ज्याची खोबण रिकामी झाली तिथलं हाडही विरून जातं, कारण ते दातासाठीच आलेलं असतं. एकतीस वर्षं मी हे सांगतो आहे. अलीकडे सांगताना पेटीचं झाकण लावायला घेतो.

त्या दिवशी खिडकीजवळ बसलेल्या एका मुलीने मला खूण करून बोलावलं. "मेणकाका, हे बघा ना. दात आणि हाड यांच्यामधे ही पांढरी फट आहे. हा आजार आहे का?" मी डोळा लावला. माझीच जुनी स्लाइड होती. मुळाच्या एका बाजूला दोऱ्या हाडापासून सुटलेल्या होत्या आणि मधे स्वच्छ पांढरी रेघ. "नाही," मी म्हटलं. "मेण आकसलं की असं होतं. ही फट दाताची नाही, माझी आहे." ती हसली. "मग वहीत काय लिहू? मेणकाकांची फट?" शेजारची मुलगीही हसली. मीही हसलो आणि पेटी घेऊन पुढच्या टेबलाकडे गेलो, आणि तिथे मला क्षणभर कळेना की पेटी कोणाला द्यायची होती. हजारो स्लाइडींत हजारो फटी पाहिल्या आहेत मी. रुंद, अरुंद, सगळीकडून सारख्या. दरवेळी मनात एकच म्हणायची सवय. काही नाही, आकसलं आहे.

बायकोने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती भांडी पुसत होती. "अहो, ही खालची दाढ उंच झाल्यासारखी वाटते. तोंड मिटलं की तीच आधी लागते." मी म्हटलं, दाढ उंच होत नसते या वयात. दोन दिवसांनी पुन्हा म्हणाली. मग मी तिला टेबलाशी बसवलं, तोंड उघडायला लावलं आणि बोटांनी दाढ हलवली. किंचित हलत होती. हात पुसता पुसता मी म्हटलं, काही नाही. तरी दुसऱ्या दिवशी तिला कॉलेजात घेऊन गेलो. आमच्याकडे नोकरीतल्या माणसाने स्वतःच्या घरच्यांसाठी केसपेपर काढणं म्हणजे कमीपणा. शिपायापासून कारकुनापर्यंत सगळे मागच्या दाराने काम करून घेतात. एक्स-रेवाला माझा मित्र, आम्ही एकाच महिन्यात नोकरीला लागलो. त्याने तिला खुर्चीत बसवलं, तोंडात फिल्म धरायला लावली, बटण दाबलं आणि धुतलेली फिल्म ओलीच माझ्या हातात दिली. "घरचंच आहे, केसपेपर कशाला? बघ तूच. तू काय कमी डॉक्टर आहेस?" बायको शेजारीच उभी होती. ती माझ्याकडे बघत होती. तिने मला आयुष्यात एकदाही कमी डॉक्टर किंवा जास्त डॉक्टर म्हटलं नव्हतं, पण त्या वेळी ती ज्या तऱ्हेने बघत होती ती मला आवडली. मी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. एक्स-रेत त्या दोऱ्या दिसत नाहीत, त्यांची जागा दिसते, मुळाभोवती केसासारखी काळी रेघ. तिच्या दाढेभोवतीची रेघ रुंद होती. दोन्ही बाजूंनी सारखी, वरपासून खालपर्यंत सारखी, अगदी सुबक. मी म्हटलं, "काही नाही. दाढेवर भार पडतो आहे, म्हणून दोऱ्या ताणल्या आहेत. थोडे दिवस दुसऱ्या बाजूने खा." वर जिन्याने चढलं की पंधरा पावलांवर डॉक्टर बसतात. मी फिल्म खिशात घातली आणि तिला बसपर्यंत सोडायला गेलो.

ती दुसऱ्या बाजूने खायला लागली. पाच महिने. त्यात तिने मला आणखी दोनदा सांगितलं. एकदा म्हणाली, "अजून तसंच आहे हो." मी म्हटलं, वेळ लागतो. दुसऱ्यांदा दिवे बंद करताना म्हणाली, "जबड्यात काहीतरी आहे असं वाटतं." मी म्हटलं, तुला वाटतं. मला त्या दिवशी कंटाळा आला होता. नव्या पात्याने दिवसभर काप फाटत होते. मग एका सकाळी चहा पिताना तिच्या हनुवटीवरून चहा ओघळला आणि तिला कळलाच नाही. मी म्हटलं, "अगं, पुस." ती म्हणाली, "काय?" तिने हात लावून बघितलं, बोटं ओली झाली, आणि ती बोटांकडे बघत राहिली. हनुवटी बधिर झाली होती. त्या दिवशी आम्ही केसपेपर काढला.

गाठ हाडातच होती. मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला तिघांना समोर बसवलं. लेक बातमी कळताच धावत आली होती, ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात तसंच होतं. डॉक्टर चांगला माणूस होता, काही लपवत नव्हता. म्हणाला, "ही गाठ फार चोरपावलांनी येते. सुरुवातीला एक्स-रेत फक्त दाताभोवतीची रेघ रुंद झालेली दिसते, सगळीकडून सारखी. तेवढीच खूण. तेव्हा कोणी फोटो काढला असता तर गोष्ट वेगळी होती. कधीपासून त्रास होता?" मला माझ्या कानांत पाण्यासारखा आवाज ऐकू येत होता. मी तोंड उघडलं असावं. बायकोने माझ्याकडे बघितलं नाही. ती डॉक्टरांना म्हणाली, "झाले पाचसहा महिने. मीच कोणाला बोलले नाही. अंगावर काढलं." लेक तिच्याकडे वळली. "पाच महिने? आई, घरात दातांच्या कॉलेजचा माणूस बसलाय आणि तू पाच महिने गप्प बसलीस?" बायको म्हणाली, "चुकलंच माझं." आणि मी गप्प बसलो. ती खोली, तो डॉक्टर, टेबलावर ठेवलेला प्लॅस्टिकचा जबडा, सगळं मला नीट आठवतं. जबड्यातली एक दाढ कोणीतरी उलटी बसवली होती. मी तिच्याकडेच बघत होतो.

घरी आल्यावर मी तिला विचारलं, तू असं का सांगितलंस? ती पलंगावर आडवी झाली होती, भिंतीकडे तोंड करून. म्हणाली, "पोरगी माझ्यावर चिडेल आणि विसरेल. मुली आईवर रोजच चिडतात. तुमच्यावर चिडली तर यायचीच बंद होईल. मग तुम्ही काय कराल एकटे?" मी म्हटलं, एकटा कशाला, तू आहेस की. तिने पांघरूण ओढून घेतलं. थोड्या वेळाने म्हणाली, "खिडकी लावून घ्या." यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. पण लेक विसरली नाही. आईचं सगळं तिने केलं, रजा काढल्या, औषधं आणली, अंग पुसलं, आणि ते करताना तिचं तोंड घट्ट मिटलेलं असायचं. कधी एखादं वाक्य सुटायचं. "आता तरी सांगत जा, दुखतंय तर." "तुझ्या गप्प बसण्यापायी हे झालंय." बायको ऐकून घ्यायची. मी दुसऱ्या खोलीत असायचो. बायको गेल्यावर मला वाटलं की आता राग उतरेल, तर तो नातीकडे वळला. नात सात वर्षांची आहे. तिने शाळेत पडल्याचं सांगितलं नाही, पोट दुखल्याचं सांगितलं नाही, की लेक म्हणते, "आजीसारखं करू नकोस." दर शनिवारी एकदा तरी म्हणते. माझ्या घरात, माझ्यासमोर. नातीला आजी थोडीफार आठवते. पुढे ती एवढीच आठवेल. सांगायची नाही ती.

बारा वाजता कँटीनमध्ये एक्स-रेवाला भेटला. "काय मेणबत्ती, आज विझल्यासारखी का?" मी म्हटलं, दात हलतोय. "या वयात दुसरं काय हलणार? चल, दोन मिनिटांत फिल्म काढू. केसपेपर कशाला, घरचंच आहे." मी म्हटलं, "केसपेपर काढतो मी." तो हसला. "वेड लागलं का? तासभर रांगेत बसशील. खिडकीवरची पोरगी तुलाच विचारेल, आजोबा, पहिल्यांदाच येताय का?" "विचारू दे." त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याचं हसणं हळूहळू गेलं. कपातल्या चहात तो चमचा फिरवत राहिला. मग खाली बघून म्हणाला, "वहिनींची ती फिल्म मी बघितलीच नव्हती रे. ओलीच दिली तुला." मी म्हटलं, माहीत आहे. "आणि बघितली असती तरी मला काय कळणार होतं?" मी म्हटलं, तेही माहीत आहे. "कुठे आहे ती?" मी खरंच सांगितलं, की मला आठवत नाही. खिशातून काढून कुठे ठेवली, टाकली, काही आठवत नाही. घर दोनदा पालथं घातलं. "बरं झालं," तो म्हणाला. "कोणाला बोलला नाहीस ना? मग आता कशाला उकरतोस? झाकली मूठ सव्वा लाखाची." मी चहा तसाच ठेवून उठलो. त्याने मागून हाक मारली नाही. तोही चौदा महिने माझ्यासारखाच रात्री जागा राहत असेल, हे मला त्या वेळी पहिल्यांदा सुचलं.

रांगेत पाऊण तास गेला. मला तपासणारी डॉक्टर इतकी तरुण होती, की तिच्या स्लाइडींची पेटी मीच वाटली असणार. पण तोंडावर मास्क, मला चेहरा ओळखता आला नाही आणि तिलाही माझा ओळखता आला नसावा. तिने दात हलवला, हिरडीत बारीक मापाची सळी घालून बघितली, फोटो काढायला पाठवलं, आला तो उजेडात धरला आणि पुरता एक मिनिट बघितला. मी तिचे डोळे बघत होतो. "हाड जरा खाली गेलंय. साफ करून घ्या, अजून बरीच वर्षं राहील. कधीपासून हलतोय?" मी म्हटलं, आज सकाळपासून. "आज सकाळपासून? आणि आजच आलात?" ती हसली असावी, मास्क हलला. "सगळ्यांनी असं केलं तर आमचं काम किती सोपं होईल." मी मान हलवली. मला उठता येईना. ती म्हणाली, "झालं काका, उठा." तरी मी दोन क्षण तसाच खुर्चीत होतो, दिव्याकडे बघत.

लेक तीनला आली ती कावलेलीच. पिशवी ओट्यावर ठेवून म्हणाली, "बाबा, आधी हिचं तोंड बघा. खालचा दुधाचा दात अजून पडला नाही आणि त्याच्या मागून दुसरा आलाय. आठ दिवस झाले म्हणे, बाईसाहेब बोलल्याच नाहीत. आज ब्रश करताना मला दिसला." नात चपला न काढताच दाराशी उभी होती, ओठ मिटून. मी म्हटलं, "काय गं, दुखतंय?" तिने नाही म्हणून मान हलवली. "मग सांगितलं का नाहीस?" ती हळूच म्हणाली, "तू ओढशील म्हणून." "मी काय राक्षस आहे?" मी विचारलं. "आई म्हणाली, आजोबांकडे पातं आहे." लेकीला हसू येत होतं, पण तिने ते दाबलं. "हसू नका. ही अगदी आजीवर गेलीय. आजीसारखं करू नकोस म्हणून किती वेळा सांगायचं? काय होतं ते बघितलंस ना?" नात जमिनीकडे बघायला लागली. लेक भाजी काढत म्हणाली, "बघा ना बाबा. खुर्चीत बसवा आणि बघा, काय आहे ते सांगा. म्हणजे सोमवारी रजा टाकायला नको."

मला दिसत होतं काय आहे ते. सातव्या वर्षी निम्म्या मुलांना होतं. मागच्या दाताने वर येताना पुढच्याचं मूळ खाऊन टाकायचं असतं, कधी ते राहतं, मग दोघं एकामागे एक उभे राहतात. पुढचा आपोआप पडतो किंवा काढतात. पुरेपूर ठाऊक होतं मला. नात टेबलापाशी आली, खुर्चीवर चढली आणि तिने आ केला. मी खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिलो. हात पुढे गेला नाही.

"मी नाही बघणार," मी म्हटलं. "हिला डॉक्टरांकडे ने. केसपेपर काढून."

"अहो बाबा, पण तुम्हीच तर बघता. एकतीस वर्षं दुसरं काय केलंत?"

"तुझ्या आईचाही मीच बघितला होता."

लेकीच्या हातात कोबी होता. तिने तो ओट्यावर ठेवला. "कधी?"

"पहिल्याच आठवड्यात. तिने मला सांगितलं होतं. फिल्मही काढली होती, मागच्या दाराने. रेघ रुंद होती. मला दिसली. मी म्हटलं काही नाही." मला वाटलं होतं की हे बोलायला फार वेळ लागेल, पण चार वाक्यांत संपलं. "नंतरही तिने दोनदा सांगितलं. मीच तिला वर डॉक्टरांकडे नेलं नाही. डॉक्टरांपुढे ती खोटं बोलली, माझ्यासाठी. मी बोलू दिलं."

नात आ करूनच बसली होती. तिने आमच्या दोघांकडे बघून तोंड मिटलं. लेक उभी होती, हात ओट्यावर टेकवून. तिच्या आईचे हात असेच रुंद होते. तिने विचारलं, "का?" मी म्हटलं, तू माझ्यावर चिडलीस तर यायची बंद होशील, असं ती म्हणाली होती. लेकीने ओट्यावरचा कोबी बाजूला सरकवला. मग म्हणाली, "मी तिला शेवटच्या महिन्यातसुद्धा टाकून बोलले, बाबा. अंग पुसताना. ती म्हणाली, चुकलं गं. आणि तुम्ही बाहेर पेपर वाचत होतात."

"हो."

"तुम्ही ऐकत होतात?"

"हो."

तिने पिशवीतली उरलेली भाजी काढली. टोमॅटो, कांदे, लिंबं. एकेक करून जागच्या जागी ठेवली, कोबी फ्रिजमध्ये टाकला, पिशवीची घडी घातली. चार वाजले होते. मी म्हणालो, चहा ठेवू? तिने ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. नातीचा हात धरला आणि म्हणाली, "चल." दारात ती थांबली, मला वाटलं वळेल. तिने फक्त नातीच्या चपलेचा पट्टा लावला. मी पुढच्या शनिवारचं विचारणार होतो. शब्द तोंडात आले होते, पण ते विचारायचा मला हक्क नव्हता, आणि मी विचारलं नाही. त्या जिना उतरायला लागल्या.

मी दार लावलं नाही. आमचा जिना पोकळ आहे, बोललेलं सगळं वर येतं. पहिल्या वळणापर्यंत फक्त पावलं होती, एक जड आणि एक भराभरा. मग नातीचा आवाज आला.

"आई, म्हणजे आजीने सांगितलं होतं?"

पावलं थांबली. मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो.

"हो," लेक म्हणाली. तिचा आवाज फुटलेला होता, तिने तो सावरला आणि पुन्हा म्हणाली, प्रत्येक शब्द नीट लागावा अशा बेताने. "सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तिने. मी तुला चुकीचं सांगत होते."